जाळी कशाची करावी?

रत्नागिरी शहराला लागून मिरजोळे हे गाव आहे. गावाच्या हद्दीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तेथे मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. मासळीचा समुद्रापासून अशा कारखान्यापर्यंतचा प्रवास पाहिला, तर तिची गाठ एकाच वस्तूशी पुन्हा पुन्हा पडते. ती वस्तू म्हणजे जाळी. मासळी समुद्रात सापडते ती नायलॉनच्या जाळ्यात. कारखान्यात येते ती प्लॅस्टिकच्या जाळीदार क्रेटमधून. धुतल्यावर तिचे पाणी निथळते ते स्टेनलेस स्टीलच्या चाळणीवर. गोठवणयंत्रातून ती सरकते ती जाळीदार पट्ट्यावरून. खिडक्यांना माश्या अडवणारी बारीक जाळी असते आणि आवाराला जस्त चढवलेल्या तारेचे कुंपण.

एकाच कामाच्या साखळीत जाळी इतक्या निरनिराळ्या पदार्थांची का? सर्वांत चांगला पदार्थ कोणता ते एकदाच ठरवून सगळीकडे तोच का वापरत नाहीत? एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारावा असाच हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण गेल्या दोनशे-अडीचशे वर्षांत माणसाने जाळीसाठी काय काय वापरून पाहिले आणि प्रत्येक वेळी कोठे ठेच लागली, हे पाहिले की उत्तर आपोआप समोर येते.

जाळीची परीक्षा अवघड का?

प्रथम थोडे गणित करू. १० मिलिमीटर जाडीची एक लोखंडी सळई आणि ०.५ मिलिमीटर जाडीची एक तार घेतली. दोन्ही गंजल्या आणि दोन्हींचा पृष्ठभाग सर्व बाजूंनी ०.१ मिलिमीटर खोल खाल्ला गेला, असे समजा. सळईचा व्यास आता ९.८ मिलिमीटर उरला. छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून सळईचे सुमारे ४ टक्के लोखंड गेले. तारेचा व्यास मात्र ०.३ मिलिमीटर उरला आणि तिचे ६४ टक्के लोखंड गेले! गंज दोघींना सारखाच लागला. सळईला तो जाणवलाही नाही, तार मात्र तुटायच्या बेतात आली.

मग तार जाड घ्यावी म्हटले, तर दुसरी अडचण येते. इंचाला दहा भोके असलेली जाळी घेऊ. शेजारच्या दोन तारांच्या मध्यांतील अंतर २.५४ मिलिमीटर. तार ०.५ मिलिमीटरची असेल तर भोकाची बाजू २.०४ मिलिमीटर राहते आणि जाळीचा सुमारे ६४ टक्के भाग मोकळा असतो. तार १ मिलिमीटरची केली की भोक १.५४ मिलिमीटरचे होते आणि मोकळा भाग ३७ टक्क्यांवर येतो. जाळी बळकट झाली, पण तिच्यातून पाणी निथळेना! जाळीचे काम भोकांनी होते, टिकाऊपणा मात्र तारेवर अवलंबून असतो. या दोहोंच्या ओढाताणीत पदार्थाची निवड कळीची ठरते.

तिसरी अडचण विणीत आहे. विणलेल्या जाळीत तारा जेथे एकमेकींवरून जातात, तेथे प्रत्येक ठिकाणी एक बारीकशी फट तयार होते. इंचाला दहा तारांच्या जाळीत प्रत्येक चौरस इंचात अशा शंभर फटी असतात. तेथे खारे पाणी अडकते, घाण साठते. गंजाला आणि जिवाणूंना याहून सोयीची जागा नाही.

तारेचे विणकाम

धाग्याची जाळी माणूस फार पूर्वीपासून विणत आला आहे. कोकणातील रापणीची आणि डोळीची जाळी पूर्वी सुताची किंवा तागाची असत. हे धागे मुळात वनस्पतिजन्य असल्याने ते कुजत. म्हणून ऐनासारख्या झाडाच्या सालीच्या काढ्यात जाळी बुडवून, वाळवून पुन्हा वापरण्याची रीत होती. सालीतील टॅनिनमुळे जिवाणूंचा हल्ला मंदावतो. प्रयोगशाळा दारात येण्यापूर्वी कोळ्यांनी पदार्थाचे आयुष्य वाढवण्याचा हा उपाय शोधून काढला होता, याची नोंद आपण घ्यायला हवी.

धातूच्या तारेच्या जाळीला उद्योगात महत्त्व आले ते एकोणिसाव्या शतकात. १८१५ मध्ये इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही याने कोळशाच्या खाणीत वापरायचा सुरक्षा-दिवा तयार केला. दिव्याच्या ज्योतीभोवती त्याने तारेच्या बारीक जाळीचे वेष्टण घातले. ज्योतीची उष्णता तारा शोषून घेत आणि जाळीबाहेरच्या स्फोटक वायूला पेट घेण्याइतके तापमान मिळत नसे. प्रत्येक चौरस इंचाला ७८४ भोके, म्हणजे बाजूला २८, असे तिचे प्रमाण होते. पण जाळी गंजली किंवा एखादी तार तुटली, की तेवढ्या मोठ्या भोकातून ज्योत बाहेर येऊ शके. खाणकामगाराचा जीव एका बारीक तारेवर टांगलेला असे.

१८४४ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच गावच्या चार्ल्स बर्नार्डने कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले. जाळी स्वस्त झाली. आता प्रश्न उरला तो गंजाचा.

डेव्हीचे यश आणि अपयश

या प्रश्नाची सर्वांत बोधप्रद गोष्ट जाळीची नसून जहाजाच्या तळाची आहे. लाकडी जहाजांच्या तळाला समुद्रातील किडे पोखरीत आणि बार्नकल नावाचे कवचधारी जीव चिकटून बसत. त्यामुळे जहाजाचा वेग मंदावे. यावर उपाय म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. दोन वर्षांनी जहाज परत आले, तेव्हा तांबे चांगले होते. पण पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता त्यांतील अनेक पार गंजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. तांब्याचा पत्रा ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला होता, तो कागद या खिळ्यांपाशी तसाच राहिला होता आणि त्यामुळे लोखंडाचा तांब्याला स्पर्श झाला नव्हता!

याचे कारण त्या काळी कुणालाच सांगता आले नसते. व्होल्टाने आपला विद्युत घट १८०० मध्ये जाहीर केला आणि मग उलगडा होऊ लागला. दोन निरनिराळे धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात असले की त्यांचा घट तयार होतो. त्यांतील अधिक क्रियाशील धातू विरघळत जातो आणि दुसरा सुरक्षित राहतो.

१८२४ मध्ये डेव्हीने याच तत्त्वाचा उलटा उपयोग केला. तांब्याचा पत्राही समुद्रात हळूहळू झिजत असे. डेव्हीने त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. तुकडे विरघळत गेले आणि तांब्याची झीज थांबली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. पण ‘समरंग’ हे जहाज सफरीवरून परतले तेव्हा त्याचा तळ बार्नकलांनी आणि शेवाळाने भरून गेला होता. तांबे झिजत होते, त्याचे सूक्ष्म अंश पाण्यात उतरत होते आणि तेच अंश विषारी असल्यामुळे जीव तळाला चिकटत नव्हते. तांब्याची झीज थांबवली तसे त्याचे संरक्षणही थांबले. १८२५ मध्ये आरमाराने डेव्हीचा उपाय गुंडाळून ठेवला.

ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. डेव्हीचे विज्ञान चुकले नव्हते. त्याने प्रश्न अर्धाच विचारला होता. ‘तांबे कसे टिकेल?’ हा त्याचा प्रश्न; आणि ‘तांबे तेथे कशासाठी आहे?’ हा राहून गेलेला प्रश्न. पदार्थाची निवड करताना होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात.

जस्त आणि कल्हई

जस्ताचा तो त्याग वाया मात्र गेला नाही. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. बाजारात आपण जिला ‘जी. आय.’ तार म्हणतो, ती हीच.

येथे विद्यार्थ्यांना कल्हईची आठवण करून द्यावी. पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ती कथिलाची. लोखंडावरही कथिलाचा थर देता येतो. पण त्यावर ओरखडा पडला की लोखंड अधिकच वेगाने गंजते, कारण कथिलापेक्षा लोखंड जास्त क्रियाशील आहे. जस्ताचे तसे नाही. थराला ओरखडा पडला, तार कापली, तरी जवळचे जस्त स्वतः विरघळून उघड्या लोखंडाला वाचवते. तारेला जागोजाग कापावे-वाकवावे लागते, म्हणून जाळीला जस्तच सोयीचे.

पण विरघळणारा थर कधीतरी संपणारच. कोकणातील खारट वाऱ्यात आणि पावसात तो लवकर संपतो. थर जितका जाड तितके जाळीचे आयुष्य अधिक. शिवाय जस्त आम्लात सहज विरघळते. कोकमाचे आगळ किंवा ताक जस्त चढवलेल्या भांड्यात ठेवू नये ते यामुळेच. तेव्हा ही जाळी कुंपणाला उत्तम, पण अन्नाच्या चाळणीला नको.

न गंजणारे पोलाद

१९१२-१३ च्या सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीच्या संशोधकांनी आणि इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअरली याने क्रोमियममिश्रित पोलादे तयार केली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले पोलाद आज घरोघरी भांड्यांच्या रूपाने पोहोचले आहे. उद्योगात त्याला ३०४ या क्रमांकाने ओळखतात.

हे पोलाद गंजत नाही याचे कारण मोठे गमतीदार आहे. त्यातील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, म्हणजे एका अर्थी तेही ‘गंजते’. पण क्रोमियम ऑक्साइडचा हा पापुद्रा अतिशय पातळ आणि अभेद्य असतो. ओरखडा पडला तर हवेच्या संपर्काने तो पुन्हा तयार होतो. मात्र मिठातील क्लोराइड आयन हा पापुद्रा ठिकठिकाणी भेदतात आणि तेथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. विणीच्या फटीत ऑक्सिजन कमी पोहोचतो, म्हणून तेथे पापुद्रा लवकर दुरुस्तही होत नाही. म्हणजे स्टेनलेस स्टीलची जाळी खाऱ्या पाण्यात बिघडते ती नेमकी तारा जेथे एकमेकींना भेटतात तेथे. यावर उपाय म्हणून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेले ३१६ क्रमांकाचे पोलाद वापरतात. ते अधिक टिकते, अधिक महागही असते. आणि साचलेल्या समुद्राच्या पाण्यात तेसुद्धा कायमचे निर्धास्त नसते. म्हणून जाळी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवणे हा धातूइतकाच महत्त्वाचा भाग होय.

न विणलेली जाळी

१९३३ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएथिलीन हाती आले. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स याने नायलॉन तयार केले. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सिग्लर याने कमी दाबाखाली अधिक कठीण पॉलिएथिलीन बनवण्याचा मार्ग दाखवला आणि पुढच्याच वर्षी इटलीत ज्युलिओ नात्ता याने पॉलिप्रोपिलीन तयार केले. या बहुवारिकांना खाऱ्या पाण्याची भीती नव्हती.

बदल झपाट्याने झाला. कागदाच्या कारखान्यात लगदा ज्या अखंड जाळीवर पसरतात, ती वर्षानुवर्षे ब्राँझच्या तारेची असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पॉलिएस्टर आले. मासेमारीत कुजणाऱ्या सुताची जागा नायलॉनने घेतली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांसाठी या नव्या धाग्यांचा अभ्यास केला. सालीच्या काढ्याची गरज संपली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायन मर्सर याने विणकामच टाळले. एकात एक बसणाऱ्या दोन कड्या, दोन्हींना खाचा, आणि दोन्ही उलट दिशांनी फिरणाऱ्या. त्यांतून वितळलेले प्लॅस्टिक दाबून बाहेर काढले की खाचा समोरासमोर येतात तेथे गाठ तयार होते आणि एरवी सुटे धागे निघतात. जाळी यंत्रातून अखंड बाहेर पडते. तिला फटच नाही! या जाळीचे नाव ‘नेटलॉन’. खिडकीच्या कुठल्याही प्लॅस्टिकच्या जाळीला आपल्याकडे सर्रास ‘नेटलॉन’ म्हणतात, ते याच नावावरून.

पण प्लॅस्टिकलाही उणिवा आहेत. उन्हातील अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते. म्हणून उघड्यावरच्या जाळीत काजळी मिसळतात आणि तिचा रंग काळा असतो. पॉलिएथिलीन सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. पॉलिप्रोपिलीन १६५ अंशांपर्यंत टिकते, पण शून्याच्या आसपास ठिसूळ होऊ लागते.

पुन्हा मिरजोळ्याला

ही शिदोरी घेऊन आता मिरजोळ्याच्या कारखान्यांकडे वळू. तेथील गद्रे मरीन या उद्योगाने १९९४ मध्ये सुरिमीचे उत्पादन सुरू केले. सुरिमी म्हणजे राणीसारख्या माशांचा काटे-कातडी काढलेला, थंड पाण्याने वारंवार धुतलेला आणि गोठवलेला लगदा. धुणे आणि निथळणे हाच या प्रक्रियेचा गाभा, म्हणजे चाळणी हेच मुख्य हत्यार. तेथे भोकांचा आकार अचूक हवा, दाब सोसायला हवा आणि रोज कडक धुलाई सोसायला हवी. म्हणून तेथे स्टेनलेस स्टील.

ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने कारखान्यांतील स्वच्छतेचे कारण देऊन भारतीय मासळीची आयात बंद केली. पुढे तपासणीत उतरलेल्या कारखान्यांना टप्प्याटप्प्याने परवानगी मिळाली. पण पदार्थांची निवड हा केवळ टिकाऊपणाचा नव्हे, तर रोजगाराचा प्रश्न आहे, हे किनाऱ्यावरील सर्व कारखान्यांना त्या वर्षी कळले. लाकूड आणि बांबू पाणी शोषतात आणि पुरते स्वच्छ होत नाहीत, म्हणून अशा कारखान्यांत त्यांना जागा उरली नाही.

गोठवणयंत्रात तापमान उणे ४० अंशांच्या आसपास असते. साधे पोलाद इतक्या थंडीत ठिसूळ होते, १८-८ पोलाद होत नाही. पॉलिप्रोपिलीन तेथे चालत नाही, पॉलिएथिलीन चालते. उलट कोळंबी उकडण्याच्या ठिकाणी पॉलिएथिलीन मऊ पडेल, पॉलिप्रोपिलीन टिकेल. एकाच छपराखाली वीस पावलांवर निवड उलटी होते!

आणखी एक मुद्दा सहसा सुचत नाही. जाळी कधीतरी तुटणार. तुटलेला तुकडा मासळीत गेला तर? धातूचा तुकडा शोधायला धातुशोधक यंत्र असते आणि बंद खोकी त्यातून सरकवतात. प्लॅस्टिकचा तुकडा त्या यंत्राला दिसत नाही. म्हणून अन्नाच्या कारखान्यातील प्लॅस्टिक बहुधा निळ्या रंगाचे असते, कारण निळ्या रंगाचे अन्न जवळजवळ नसतेच आणि तुकडा डोळ्यांना चटकन दिसतो. काही प्लॅस्टिकमध्ये तर मुद्दाम धातूची पूड मिसळतात. म्हणजे जाळी निवडताना ती कशी टिकेल याबरोबरच ती कशी तुटेल, हेही पाहावे लागते.

जाळीचे पुढे काय होते?

डेव्हीचा राहून गेलेला प्रश्न आठवा. आपणही एक प्रश्न बराच काळ विचारला नाही. सुताचे जाळे कुजत असे, हा त्याचा दोष आपण नायलॉनने दूर केला. पण समुद्रात हरवलेले सुताचे जाळे कुजून जात असे. हरवलेले नायलॉनचे जाळे जात नाही. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, नायलॉनची १.१४. जाळे तळाशी जाते आणि कुणी ओढणारे नसतानाही मासे, खेकडे, कासवे यांना अडकवत राहते. पॉलिएथिलीनची घनता सुमारे ०.९५, त्याचे दोर तरंगत किनाऱ्याला लागतात आणि उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचे बारीक बारीक तुकडे होतात. स्टेनलेस स्टीलच्या फाटक्या जाळीला भंगारात चांगला भाव मिळतो आणि ती पुन्हा भट्टीत जाते. फाटक्या जाळ्याला तसा भाव सहसा मिळत नाही.

याचा अर्थ नायलॉन टाकून पुन्हा सूत घ्यावे असा नव्हे. ‘सर्वांत चांगला पदार्थ’ नावाची वस्तू नाही, हाच याचा अर्थ. प्रत्येक पदार्थ एक प्रश्न सोडवतो आणि दुसरा पुढे ढकलतो. तो कोठे ढकलला जातो हे आधी ओळखणे, यालाच निवड म्हणायचे.

वर्गात करून पाहण्यासाठी

सँडपेपरने घासून लखलखीत केलेले तीन सारखे लोखंडी खिळे घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला जस्ताची पट्टी आणि तिसऱ्याला तांब्याची तार घट्ट गुंडाळा. तिन्ही निरनिराळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात बुडवून आठवडाभर ठेवा व रोज निरीक्षण नोंदवा. कोणता खिळा आधी गंजला? कोणता वाचला, आणि त्याच्यासाठी काय खर्ची पडले? मग विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील आणि गावातील सर्व जाळ्यांची यादी करायला सांगा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहायच्या: ती कशाची आहे, ती तेथे कशासाठी आहे, ती कशी बिघडेल, आणि बिघडल्यावर कोठे जाईल. चौथा रकाना भरताना वर्गात शांतता पसरली, तर धडा नीट झाला असे समजावे.